मांडवातले गाऱ्हाणे

तुळशीची लग्ने आटोपली. द्वादशीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत मालवण तालुक्यात वाडीवाडीत खळी सारवून झाली, वृंदावनांना रंग लागला, उसाचे कांडे आणि दिंड्याची काठी तुळशीशेजारी उभी राहिली, मुळाशी चिंचा-आवळे पडले. अंतरपाट धरायला घरातलीच दोन पोरे, मंगलाष्टके म्हणायला भटजी, आणि भटजी चार घरे पलीकडे अडकले असतील तर शेजारचे एखादे जाणते आजोबा. गडग्यापलीकडच्या खळ्यात लग्न कुठवर आले ते इकडे बसून कळत होते. शेवटचे ‘सावधान’ झाले की पोरे हातातले चुरमुरे तोंडात टाकून पुढच्या खळ्याकडे पळत होती.

आता माणसांची लग्ने. हॉलच्या तारखा कधीच गेल्या आहेत. मंडपवाले, आचारी, साऊंडवाले यांचे फोन सकाळपासून वाजू लागले आहेत. हा राबता मिरगाचा पाऊस पडेपर्यंत चालेल, आणि त्यातला मोठा भर एप्रिल-मे महिन्यांत, चाकरमानी गावाला आले की. यंदाच्या हंगामातली पहिली मुहूर्तमेढ रोवली जाण्याआधी एक गोष्ट वाचकांच्या कानावर घालायची आहे. रिसेप्शनमधली गाणी फार मोठ्याने वाजतात, ही तक्रार आता जवळजवळ प्रत्येक लग्नात होते आणि जवळजवळ प्रत्येक लग्नात वाया जाते. ती वाया का जाते, हे आम्ही गेल्या मे महिन्यात अगदी जवळून पाहिले.

खाडीकाठचा हॉल होता. यजमानांनी मोठ्या अगत्याने वडीलधाऱ्यांसाठी पुढच्या दोन रांगा राखून ठेवल्या होत्या. स्टेजच्या दोन्ही अंगांना माणसाहून उंच स्पीकर एकावर एक रचलेले, आणि मानाच्या खुर्च्या नेमक्या त्यांच्या तोंडाशी. तिथे नवरीच्या दोन आत्या बसल्या होत्या. थोरली परळहून आलेली, पंच्याहत्तरीची, धाकटी आचऱ्याची. भेट सहा वर्षांनी होत होती. थोरलीच्या कानात श्रवणयंत्र होते. धाकटी तिच्या कानाशी तोंड नेऊन काही सांगू लागली. थोरलीने मान हलवली, पुन्हा विचारले. धाकटीने पुन्हा सांगितले. मग थोरलीने यंत्र कानातून काढले, रुमालाच्या टोकात बांधले, पर्समध्ये ठेवले आणि चेन ओढली. जेवणाचे बोलावणे येईपर्यंत दोघी एकमेकींचा हात हातात घेऊन नुसत्या बसून राहिल्या.

नवरीचे काका ते बघत होते. ते उठून साऊंडवाल्या पोराकडे गेले. “बाबा रे, वायच कमी कर. म्हाताऱ्या माणसांक काय्येक ऐकाक येणा नाय.” पोराने लगेच कमी केले. दुसरे गाणे लागते न लागते तोच नवऱ्याचे मित्र आले, “वाढव रे!” त्याने वाढवले. काका पुन्हा गेले, पुन्हा तेच झाले. तिसऱ्या खेपेला काकांनी हॉलच्या मॅनेजरला गाठले. तो म्हणाला, साऊंड पार्टीने आणलाय, आमचा नाही. पार्टी म्हणजे नवरीचे वडील, आणि ते स्टेजवर आलेल्यांचे हात हातात घेत, फोटोला उभे राहत घामाघूम झालेले. तिथवर निरोप पोचला तेव्हा त्यांनी खुणेनेच ‘बघतो’ म्हणून सांगितले. गाणी थांबली ती दहाला, पंगती उठल्या म्हणून. तोवर थोरल्या आत्यांना परतीच्या गाडीत बसवून झाले होते.

त्या संध्याकाळी कोणीच वाईट वागले नाही. पोरगा उलट बोलला नाही, मॅनेजरने अपमान केला नाही, नवऱ्याचे मित्र दारू पिऊन आले नव्हते. मित्राच्या लग्नात नाचायची त्यांची हौस रास्त होती. तरीही चार माणसांच्या कानी गेलेली तक्रार कोणाच्याच ओटीत पडली नाही.

आपल्या मुलखात गाऱ्हाण्याला केवढा मान आहे! घाटावर गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. मालवणीत गाऱ्हाणे म्हणजे देवापुढे घातलेले साकडे. देवळात, जत्रेत, शुभकार्याच्या आरंभी जाणता मानकरी श्रीफळ ठेवून उभा राहतो, घरातल्या एकेकाची अडचण, एकेकाची इच्छा मोठ्याने सांगतो, आणि मागे उभी असलेली माणसे वाक्यावाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. कोणी गाऱ्हाणे घातले म्हणून देवाचा अपमान झाला असे आपण मानत नाही. त्यात घालणारा ठरलेला असतो, ऐकणारा ठरलेला असतो आणि हुंकार देणारेही ठरलेले असतात. लग्नाच्या हॉलमध्ये घालणारे पुष्कळ असतात. ऐकणारा कोण, एवढेच कोणी ठरवलेले नसते.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे. लग्न ठरवताना आहेर कोणी लिहायचा, पंगतीवर कोणी उभे राहायचे, वरातीच्या गाडीत कोण बसणार हे ठरते. तसेच आवाजावर कोणाचा शब्द चालेल तेही ठरू द्या. एकच माणूस. तो नवरा-नवरीचा बाप नसावा, कारण तो स्टेजवर अडकलेला असतो. दोन्हीकडच्यांना मानवेल असा मामा, मावशी, थोरला चुलतभाऊ कोणीही चालेल. त्याचे नाव साऊंडवाल्याला, हॉलच्या मॅनेजरला आणि नवऱ्याच्या मित्रांनाही आदल्या दिवशी सांगून ठेवा. मग ‘वाढव रे’ म्हणत आलेल्या पोरांना साऊंडवाला म्हणू शकेल, “त्या बसलेल्या मामांक विचारा.” त्या बिचाऱ्याला आज असे म्हणायची सोयच नाही. त्याचे पैसे एकाने दिलेले असतात आणि हुकूम मात्र चारशे जण सोडत असतात.

दुसरे, तक्रार आली की आधी आवाज खाली आणायचा, मग बोलायचे. आपल्याकडे उलटे होते. तक्रार करणाऱ्याला थांबवून समजावले जाते की लग्न आहे, पोरांची हौस आहे, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. हे सगळे त्याला ठाऊकच असते. तो ओरडून बोलत असतो आणि समजावणाराही ओरडून बोलत असतो. आणि एकदा कमी केलेला आवाज दोन गाण्यांनंतर गुपचूप चढवायचा नाही. तसे झाले की पुढच्या खेपेला माणूस रागावून येतो आणि लग्नघरात रुसवाफुगवा उभा राहतो.

आवाज चढतो कसा, हेही समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यात प्रत्येक वेळी कोणाचा हट्ट नसतो. गाणी मोठी झाली की माणसे ओरडून बोलतात. चारशे माणसे ओरडली की गाणे बुडते. म्हणून साऊंडवाला ते वर काढतो. शिवाय तासभर दणदणाटात बसलेला कान तात्पुरता बधिर होतो. सातला जो आवाज पुरेसा वाटत होता तोच साडेआठला साऊंडवाल्याला कमी वाटू लागतो. म्हणजे ज्याच्या कानावर विसंबून आवाज ठेवायचा, त्याचाच कान त्या वेळी भरवशाचा राहिलेला नसतो. यावर उपाय साधा आहे. हॉल भरण्याआधी आवाज लावून बघायचा, मागच्या भिंतीपाशी आणि पहिल्या रांगेत उभे राहून बघायचा, आणि यंत्रावर त्या जागी पांढऱ्या चिकटपट्टीची खूण करून ठेवायची. रात्री कान फसवतील, पट्टी फसवणार नाही.

डेसिबलचा हिशेब आपल्या नेहमीच्या हिशेबासारखा नसतो. 10 डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास सोसतो. 90 चा 4 तास. 100 चा जेमतेम 20 मिनिटे. नाचाच्या फरशीवर स्पीकरपुढे 100 सहज होतात. याच संघटनेने 2022 मध्ये गाण्याबजावण्याच्या जागांसाठी प्रमाण ठरवून दिले: 15 मिनिटांची सरासरी 100 च्या वर जाऊ द्यायची नाही, आवाज मोजत राहायचा, आणि कानांना विसावा देणारी एक शांत जागा ठेवायची. ही शेवटची सूचना आपल्या हॉलना फार सोपी आहे. जवळजवळ प्रत्येकाला व्हरांडा आहे, मागे माडांखाली जागा आहे. तिथे पंचवीस खुर्च्या, एक पंखा आणि पाण्याचा जार ठेवला की परळची आत्या आणि आचऱ्याची आत्या रात्रभर बोलतील.

अंतराचेही तसेच. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून एक मीटरवर 100 असतील तर दोन मीटरवर 94, चारवर 88, आठवर 82. पत्र्याच्या छपराच्या आणि लादीच्या हॉलमध्ये प्रतिध्वनीमुळे तो इतका उतरत नाही, पण दोन अजस्र स्पीकर पुढे ठेवून मागच्या माणसापर्यंत गाणे फेकण्यापेक्षा सहा लहान स्पीकर उंचावर, जागोजागी, हलक्या आवाजात ठेवले तर सगळ्यांना गाणे ऐकू येते आणि शेजाऱ्याशी बोलताही येते. आणि मानाच्या खुर्च्या, कृपा करून, मधल्या रांगेत नेऊ या. वडीलधाऱ्यांना पुढे बसवण्याची रीत मंत्र ऐकू यावेत आणि सोहळा दिसावा म्हणून पडली असणार. स्पीकरच्या तोंडी बसवणे हा मान नव्हे.

एक सूचना खास हॉलवाल्यांना. शेजारी येऊन सांगतो की खिडक्या थरथरतात, तेव्हा आपण मोबाइलवरचे मापन दाखवून ‘बघा, मर्यादेत आहे’ म्हणता. दोघेही खरे असू शकता. नियमातले डेसिबल ज्या पद्धतीने मोजतात तिच्यात खालच्या पट्टीच्या, घुमणाऱ्या आवाजाला मुद्दाम कमी धरले जाते, कारण माणसाच्या कानाला तो कमी ऐकू येतो. पण भिंतींतून आरपार जातो तो हाच घुमारा. गाण्याचे शब्द चिऱ्याची भिंत अडवते. ‘धडाम् धडाम्’ आत येते, पत्रे वाजवते, पाळण्यातल्या पोराला दचकवते. म्हणून शेजाऱ्याची तक्रार आली की सगळा आवाज कमी करण्याआधी बेस उतरवून बघा. नाचणाऱ्यांना फरक थोडा कळेल, शेजाऱ्याला पुष्कळ.

आणि हा शेजारी कोण आहे? आपल्या किनाऱ्यावर तो बहुतेक वेळा मच्छीमार असतो. रात्री आठला जेवून पडणारा, पहाटे तीन-चारला होडी लोटणारा. दांडीला, देवबागेत, सर्जेकोटला, तारकर्लीला ही माणसे हॉल आणि रिसॉर्ट येण्याच्या कितीतरी आधीपासून राहत आहेत. रापण ओढताना एकमेकांच्या हाकेवर पावले पडतात. समुद्रावर कान हेसुद्धा कामाचे हत्यार आहे. त्यातून रात्री पाण्यालगतची हवा थंड आणि वरची उबदार झाली की आवाज वर न जाता खाली वाकतो आणि पाण्यावरून दूरवर पोचतो. कर्ली खाडीच्या अलीकडे देवबागेत वाजलेले गाणे पलीकडे भोगव्याला ऐकू यावे यात नवल नाही. स्पीकरची तोंडे समुद्राकडे किंवा खाडीकडे केली म्हणजे कोणाला त्रास नाही, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. लग्नघरासाठी ही एक रात्र असते. हॉलशेजारच्या घरासाठी तो सबंध हंगाम असतो.

कायदा याबाबत 25 हून अधिक वर्षांपासून स्पष्ट आहे. 14 फेब्रुवारी 2000 रोजी ध्वनिप्रदूषणाचे नियम लागू झाले. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती किमान 100 मीटरचे शांतता क्षेत्र जाहीर करण्याची तरतूद. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी. आणि रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद. बंदिस्त सभागृहाला आतल्या आत वापरापुरती सवलत आहे, पण लॉनला, खळ्यातल्या मांडवाला ती नाही, आणि तीन बाजूंनी उघड्या शेडला बंदिस्त म्हणता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2005 रोजी या विषयावर जो निकाल दिला, त्या याचिकेच्या मुळाशी एक 13 वर्षांची मुलगी होती. तिच्यावर अत्याचार होत असताना तिने फोडलेल्या किंकाळ्या आसपासच्या मोठ्या गाण्यांत कोणाला ऐकू गेल्या नव्हत्या. पुढे ती मुलगी जगली नाही. आवाजाच्या प्रश्नाला ज्यांना किरकोळ म्हणावेसे वाटते त्यांनी तो निकाल वाचावा. महाराष्ट्रात ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांनी हा लढा चिकाटीने चालवला. 2016 च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिकेवर सरकारला आवाज मोजण्याची यंत्रे आणि तक्रारीची सोय करण्याबद्दल बजावले. 2025 च्या जानेवारीत कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांच्या याचिकेवर, धार्मिक स्थळांवरच्या ध्वनिक्षेपकांच्या संदर्भात, याच न्यायालयाने आणखी एक मोलाची गोष्ट सांगितली: तक्रार करणाऱ्याची ओळख पटवत बसू नका आणि त्याचे नाव उघड करू नका.

नाव उघड न करण्याचे मोल आपल्या वाडीत राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. मुंबईत ज्याच्याविरुद्ध तक्रार केली त्याचे तोंड दुसऱ्या दिवशी बघावे लागेलच असे नाही. इथे सकाळी त्याच विहिरीवर, त्याच दुकानात, त्याच देवळात भेट होते. ‘आमच्या चेडवाच्या लग्नात पोलीस आणलान’ हे वाक्य दोन पिढ्या पुरते. म्हणून आपल्याकडे 112 ला फोन करणारे थोडे आणि खिडकी लावून उकाड्यात पडून राहणारे फार. तक्रार आली नाही म्हणजे त्रास झाला नाही, असा अर्थ यजमानांनी काढू नये. उलट लग्नाचे आमंत्रण द्यायला शेजारी जाताना, अक्षता हातावर ठेवतानाच सांगावे: गाणी सातला लागतील, दहाला बंद होतील, घरात कोणी आजारी असेल किंवा पोराची परीक्षा असेल तर आत्ताच सांगा. गाऱ्हाणे आपणच जाऊन मागून आणावे. जो पहाटे होडी लोटणार आहे तोही मग हसतमुखाने येऊन जेवून जाईल.

‘लग्नात वाजणार नाही तर कधी वाजणार’, असे विचारले जाते. वाजावेच. आपली लग्ने पूर्वी काही मुकी नव्हती. ढोल-ताशा होता, सनई होती, माडाला बांधलेल्या कर्ण्यातून पहाटेपासून गाणी लागत आणि अमक्याकडे लग्न आहे हे साऱ्या वाडीला कळे. बेंजोच्या तालावर आमचीही पावले थिरकली आहेत. नाचाला वेळ द्या, चांगला तास-दीड तास द्या, त्या वेळी ज्यांना नाचायचे नाही त्यांना बसायला वेगळी जागा द्या, आणि जेवणाच्या वेळी गाणी जवळजवळ मिटवा. हाच किनारा रात्र-रात्र दशावतार बघतो, ज्यातले संवाद नट आयत्या वेळी रचतात आणि शेवटच्या रांगेतली म्हातारी त्यातला शब्द न् शब्द टिपते. ऐकण्याची हौस असलेली ही माणसे आहेत. वर्षावर्षाने भेटणाऱ्या नातलगांना एकमेकांचे शब्द ऐकू येऊ नयेत, हे आपल्याला शोभत नाही.

साऊंडवाल्यांबद्दल शेवटी लिहीत आहोत, पण आम्हाला सर्वांत जास्त काळजी त्यांचीच वाटते. बहुतेक विशी-पंचविशीतली मुले, कर्ज काढून घेतलेले स्पीकर, मोजक्या महिन्यांचा हंगाम. पाहुणा तासाभराने उठून जातो, हा मुलगा रोज संध्याकाळी स्पीकरच्या त्याच भिंतीशेजारी उभा असतो. आवाजाने कान जातो तो आधी वरच्या पट्टीचा जातो. गाणे ऐकू येत राहते, पण ‘स’, ‘श’, ‘त’ ही अक्षरे निसटू लागतात आणि गर्दीत कोण काय बोलले ते कळेनासे होते. कानातल्या ज्या पेशी मरतात त्या पुन्हा येत नाहीत. रात्री उशीवर डोके ठेवल्यावर कानात शीऽऽ असा आवाज येत राहिला तर ती दमणूक समजू नये. कानाच्या डॉक्टरकडे जावे, आणि कानात घालायची बोंडे हंगामाच्या पहिल्या दिवसापासून वापरावीत.

परवा चौक्याजवळ असाच एक साऊंडवाला टेंपोपाशी वायरी उलगडून बसलेला भेटला. खाऱ्या हवेने पिनांवर चढलेला गंज तो पॉलिश पेपरने घासत होता. शेजारी त्याचे बुकिंगचे पुस्तक होते. छापील मजकुराखाली त्याने प्रत्येक पानावर पेनाने एक ओळ वाढवली आहे: आवाज कमी-जास्त करण्याचा शब्द कोणाचा? “पयले लोक हसतत,” तो म्हणाला, “मगे भांडतत, मगे नाव लिवतत.” यंदाच्या पहिल्या बुकिंगचे पान त्याने उघडून दाखवले. त्या ओळीपुढे नवरीच्या आजीचे नाव होते, आणि तिची खुर्ची कुठे असेल तेही लिहिले होते: मधली रांग, पंख्याखाली, व्हरांड्याच्या दाराकडे.